गावात राहिलेला उंबरा

लग्न होऊन सासरी आले तेव्हा रीतीप्रमाणे उंबरा ओलांडला, पण त्या उंबऱ्यामागे घर नव्हतं. थट्टा करत नाही. बैलगाडी गावातल्या आळीत थांबली, मला खाली उतरवलं, आणि समोर बघते तर एक दगडी जोतं. त्याच्यावर भिंत नाही, छप्पर नाही, दाराची चौकटसुद्धा नाही. जोत्याच्या तोंडाशी नुसता एक सागवानी उंबरा बसवलेला, आणि त्याच्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पलीकडे ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उजव्या पायानं लवंड, आन् आत ये."

आत म्हणजे कुठं? आत सारवलेली जमीन होती आणि वर चैत्रातलं ऊन. एका कोपऱ्यात चुलीच्या जागी काळे पडलेले तीन दगड होते. मी लोणावळ्याची मुलगी, चार बुकं शिकलेली, तोंडाची फटकळ; पण नवरीनं तोंड उघडायचं नसतं म्हणून गप्प बसले. माप लवंडलं, आत गेले, आळीतल्या बायकांनी हळदीकुंकू लावलं, नाव घ्यायला लावलं, साखर वाटली. मग सगळ्या आपापल्या घरी गेल्या आणि आत्याबाई म्हणाल्या, "चला आता घरला."

घर ओढ्याच्या पलीकडे होतं, माळावर. गाव तिकोणा पेठेच्या अलीकडचं, आणि आमचं घर गावाच्याही अलीकडचं, एकटं. आजूबाजूला करवंदीच्या जाळ्या, भाताची खाचरं आणि वारा. दारात उभं राहिलं की एका बाजूला तिकोण्याचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला, ओढ्यापलीकडे, गावाची छपरं. कुणाच्या छपरातून धूर निघतोय ते दिसायचं, पण हाक मारली तर पोचायची नाही. मला तर वाटायचं, एकवेळ काहीच दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

मी वाढले रेल्वेच्या चाळीत. वडील लोणावळ्याच्या स्टेशनात सांधेवाले होते. चाळीत एकटं राहायचं म्हटलं तरी सोय नव्हती. दोन खोल्यांमधली भिंत कौलापर्यंत पोचलेलीच नव्हती. शेजारणीनं फोडणी घातली की ठसका आम्हाला लागायचा. वडील पाळीवर गेले की पलीकडचे आजोबा भिंतीवरून विचारायचे, "जेवलीस का गं?" चूल पेटवायला काडी ओढलेली मला आठवतच नाही. खापर घ्यायचं, शेजारी जायचं, "विस्तव द्या हो" म्हणायचं, आणि विस्तवाबरोबर चार बातम्या घेऊन यायचं. अशा ठिकाणाहून मला उचललं आणि माळावर आणून ठेवलं. मला कुणी विचारलं नव्हतं. सुनेला विचारायची रीत तेव्हा अजून निघाली नव्हती.

घरात माणसं तीन. मी, आत्याबाई आणि घरधनी. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घरधन्यांची गाडी होती. पावसाळा सरला की ते कोळसा आणि गवत भरून खिंड चढून लोणावळ्याला जायचे ते दोन-तीन मुक्काम करून यायचे. माझ्या माहेरच्या गावाला माझा नवरा सारखा जाई आणि मी माळावर गुरं राखी. हे बरं होतं का, तुम्हीच सांगा. मूलबाळ मला उशिरा झालं, त्यामुळे अंगणात रडायला-हसायलाही कुणी नव्हतं. आत्याबाई दिवसभरात मोजकं बोलायच्या. मी कोंबड्यांशी बोलायला लागले. कोंबड्या ऐकून घेतात, पण उलट उत्तर देत नाहीत, आणि उलट उत्तर आल्याशिवाय मला बोलल्यासारखं वाटत नाही.

पहिल्या पावसाळ्यात गवती छप्पर चुलीवरच गळलं आणि विस्तव विझला. आत्याबाई रोज निखाऱ्यावर गोवरी ठेवून राखेखाली झाकायच्या, एकट्या घराला तेवढाच आधार. पण त्या दिवशी राखेचा नुसता चिखल झाला. काडेपेटी सादळलेली. मी खापर पदराखाली धरलं, ओढा ओलांडला आणि गावात गेले. त्या मोकळ्या जोत्याच्या शेजारच्या घरी. तिथली बाई भली होती. तिनं विस्तव दिला, चहा पाजला, बस म्हणाली, मी बसले. परत ओढ्यापाशी येते तर खापरात राख. पुन्हा गेले, पुन्हा विस्तव घेतला, पुन्हा थोडी बोलले. घरी पोचले तेव्हा आत्याबाई दारात उभ्या होत्या.

"विस्तवाला गेलतीस का गप्पा मारायला?"

"दोन्हीला," मी म्हणाले.

मला वाटलं आता चार शब्द ऐकावे लागणार. पण त्या हसल्या. लग्नानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, "मी बी तसंच करायची. मुद्दाम इझू द्यायची." त्या दिवसापासून आमचं थोडं जुळलं.

त्या जोत्याची हकीकत मला त्यांच्याकडूनच कळली, तीही तुकड्यातुकड्यानं. दर अमावास्येला त्या गावात जायच्या, मला बरोबर न्यायच्या. जोतं झाडायचं, सारवायचं, उंबरा पुसून त्याला तेलाचं बोट लावायचं. कुणी तिथं शेळी बांधली असेल तर ती सोडून हाकलायची आणि शेळीच्या मालकिणीला ऐकू जाईल असं बोलायचं. पावसाळा तोंडावर आला की उंबऱ्यावर पेंढा अंथरून वर दगड ठेवायचे, लाकूड कुजू नये म्हणून. हे सगळं करताना आळीतल्या बायका येऊन बसायच्या. आत्याबाई माळावर मुक्या, पण त्या जोत्यावर बसल्या की कुणाची गाय व्याली, कुणाची सून माहेरी रुसून गेली, सगळं विचारायच्या. ती बाई वेगळीच होती.

प्लेगाच्या साली गावात उंदीर पडायला लागले. उंदीर पडले की गावानं बाहेर निघायचं, ही तेव्हाची रीतच होती. सगळी घरं उघडी टाकून लोक ओढ्यापलीकडे माळावर गेले, कारवीच्या कुडाच्या झोपड्या घातल्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथंच राहिले. आमच्या घराला निघायला एक दिवस उशीर झाला. त्या एका दिवसात आत्याबाईंच्या दोन मुली त्या घरात दगावल्या. थोरली परकर नेसायला लागली होती आणि धाकटी दुधाचे दात पाडत होती. घरधनी तेव्हा पाळण्यात होते, ते वाचले.

साथ गेली. गाव परत गावात गेलं. सासरे म्हणाले, त्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. त्यांनी घर मोडलं. खांब, तुळया, वासे, दाराची चौकट, सगळं गाडीवर घालून माळावर आणलं आणि तिथंच घर उभं केलं. भोवतीच्या झोपड्या एकेक करून उठल्या, लाकूडफाटा लोकांनी आपापल्या घरी नेला, आणि मध्ये आमचं एकटं घर उरलं. असं ते एकटं पडलं. कुणी ठरवून एकटं घर बांधत नाही.

"लई सांगितलं त्यांना," आत्याबाई एकदा उंबऱ्यावर पेंढा टाकता टाकता म्हणाल्या. "त्यांचं एकच, पोरी तितं मेल्या. आन् जगल्या कुटं मंग? तितंच न्हवं? ही बघ, धाकटी हितं बसायची, ह्या उंबऱ्यावर. उठ म्हनलं तरी उठायची न्हाई." त्यांनी उंबऱ्याच्या मधल्या खोलगट जागेवर हात ठेवला. मीही तिथं हात ठेवला.

उंबरा तेवढा राहिला तो त्यांच्या हट्टानं. आणि गावदेवीच्या पालखीमुळं. जत्रेच्या दिवशी दुपारी देवीची पालखी गावातून फिरते आणि प्रत्येक उंबऱ्यापुढे थांबते. घरच्या बाईनं खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी घालायचं, देवीची ओटी भरायची, ओवाळायचं. ज्याच्या उंबऱ्याशी पालखी थांबते ते घर गावातलं. सासऱ्यांनी घर मोडलं तेव्हा जुन्या जाणत्यांनी सांगितलं, की उंबरा उचलू नका, तो जागेवर आहे तोवर पालखी थांबेल. सासऱ्यांनी तेवढं मानलं. तेव्हापासून दर वर्षी पालखी त्या मोकळ्या जोत्यापुढे थांबायची आणि आत्याबाई माळावरून चालत जाऊन, भिंती नसलेल्या घराच्या दारात उभ्या राहून, देवीची ओटी भरायच्या. गावात घर नाही अन् रानात शेत नाही, असं म्हणतात. आमचं उलटं होतं, रानात शेतही होतं आणि घरही होतं, पण आत्याबाईंचा जीव गावातल्या एका लाकडात होता.

मग लढाईचे दिवस आले. रॉकेल मिळेना, काडेपेटी मिळेना, आणि त्याच सुमारास आत्याबाईंचे गुडघे गेले. आधी त्या काठी टेकत अमावास्येला जायच्या. मग ओढ्याचा उतार उतरता येईना. मग अंगणसुद्धा लांब वाटायला लागलं. मी एकटी जाऊन जोतं सारवून यायचे. परत आले की त्या विचारायच्या, "कोन भेटलं?" मी सांगायची. "काय म्हनली?" मी सांगायची. "माझं इचारलं का?" कधी विचारलेलं असायचं, कधी नसायचं. मी नेहमी हो म्हणायची.

एका वर्षी जत्रेला त्यांना गाडीत घालून न्यायचं ठरलं. पण उतारावर गाडी आदळली आणि त्यांना अशी कळ आली की अर्ध्यातून परत फिरावं लागलं. ओटी मी एकटीनं पुढं जाऊन भरली. घरी आले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. म्हणाल्या, "म्होरल्या साली मी आसंन का न्हाई, आन् देवीचं तोंड बी दिसलं न्हाई." आणि मग, "माझ्या दारात यायाची ती. मलाच जाता येईना."

घरधनी तसे अबोल माणूस, पण आईचं त्यांना फार लागलं. कितीतरी दिवस ते मनाशी काहीतरी घोळवत होते. गावात मानकरी होते, पालखीपुढे काठी घेऊन चालणारे, त्यांना सगळे आबा म्हणत. घरधन्यांनी त्यांना बाजाराच्या वाटेवर गाठून विचारलं, "आबा, पालखी थांबती ती जोत्यापुढं का उंबऱ्यापुढं?"

"उंबऱ्यापुढं. मान उंबऱ्याचा," आबा म्हणाले आणि वडगावच्या वाटेला लागले.

झालं. घरधन्यांनी त्यावरून सगळा हिशोब मांडला. मान उंबऱ्याचा असेल तर उंबरा असेल तिथं पालखी येणार. जत्रेच्या आधल्या आठवड्यात त्यांनी गाडी जुंपली, जोत्यावरून उंबरा पहारीनं उचकटला आणि माळावर आणला. आमच्या दाराला इतकी वर्षं साधी फळी होती ती काढून तिथं तो बसवला. खरं सांगते, आम्हा तिघांपैकी कुणालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आत्याबाईंनी तर उंबरा बसताना दोन्ही हात जोडले. मी मनात म्हटलं, निदान वर्षातून एकदा तरी माझ्या दारात चार माणसं येतील, ढोल वाजेल, गुलाल पडेल. मला इतकी हौस आली की मी अंगण दोनदा सारवलं.

जत्रेच्या दिवशी मी दारापुढं रांगोळी घातली, वाटेवरचे काटे काढले, खांदेकऱ्यांसाठी गूळपाण्याची घागर भरून ठेवली. आत्याबाईंना उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पाटावर बसवलं. त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मांडीवर ओटीचं ताट, नारळ, खण. उन्हं कलायच्या आधी ढोल सुरू झाला आणि देवळापाशी पालखी निघालेली माळावरून दिसली. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. मी अंगणाच्या टोकाला उभी राहून सांगायला लागले.

"पाटलांच्या दारात आली. थांबली. आता सुताराच्या. आता निघाली. आपल्या आळीत वळली."

"बाया दिसत्यात?"

"दिसतात. सगळ्या बाहेर उभ्या आहेत."

पालखी शेजारच्या घरापुढे थांबली. मग आमच्या जोत्यापाशी आली. तिथं ढोल जरा रेंगाळला. खांदेकरी थांबल्यासारखे झाले, कुणीतरी काठीनं जोत्याकडे दाखवलं. मी टाचा उंचावून बघत होते. आता वळतील, आता ओढ्याच्या वाटेला लागतील. घरधनी त्यांना आणायला ओढ्याच्या अलीकडे जाऊन उभेच होते. पालखी हलली आणि पुढच्या घराकडे गेली. तिथून पुढच्या. मी बोलायची थांबले.

"कुटवर आली?" आत्याबाईंनी विचारलं.

मी काय सांगणार होते? तेवढ्यात ढोलाची चाल बदलली. पालखी देवळाकडे परत फिरली की वेगळा ठेका धरतात, जलद. तो ठेका आत्याबाईंनी जन्मभर ऐकला होता. त्यांचे कान शाबूत होते. त्या बराच वेळ ताट मांडीवर धरून बसल्या, ढोल पुरता थांबेपर्यंत. मग म्हणाल्या, "नारळ आत ठेव. उन्हानं तडकंल."

मला त्या वेळी सगळ्या गावाचा राग आला. देवीचासुद्धा आला, लपवत नाही. रांगोळी मी पायानंच फरफटून टाकली. गूळपाणी संध्याकाळी गुरांना घातलं.

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः आले. काठी बाहेर ठेवून अंगणात बसले. आत्याबाईंना म्हणाले, "वयनी, पालखी ओढा ओलांडीत न्हाई. गावाची शीव तितं सरती. आजवर कदी ओलांडला न्हाई, मी तरी कसा ओलांडू?"

"तुमीच म्हनला, मान उंबऱ्याचा," घरधनी म्हणाले.

"व्हय, उंबऱ्याचा. गावातल्या उंबऱ्याचा. आमी जोत्यापाशी आलो, बगितलं, उंबराच न्हाई. मला वाटलं, ह्यांनी गाव सोडलं." आबांना ते बोलताना जड जात होतं. "तुला बी इचाराया हवं हुतं रं, उचलायच्या आदी."

घरधनी म्हणाले, आजच्या आज परत नेऊन बसवतो. आबांनी नाही म्हणून मान हलवली. जागेवर होता तो उचलला नव्हता म्हणून चालत होतं. आता उचलल्यावर, जिथं घर नाही तिथं नुसता उंबरा नव्यानं बसवत नाहीत. घर असेल तर उंबरा. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणतात ना, तशी आमची गत झाली. माळावर पालखी येणार नाही आणि गावात थांबणार नाही. आबा चहाही न घेता उठले. घरधनी मान खाली घालून खुंट्याचा दोर सोडत आणि बांधत बसले होते.

आत्याबाई आतून म्हणाल्या, "मंग घर बांध."

"कशाचं बांधू, आये?"

"तुज्या पडवीचं. खांब तितलंच हायेत. तितंच जातील."

आणि तसंच झालं. दोन दिवसांनी गावातली माणसं माळावर आली. गावाची रीत अशी की कुणाचं घर उभं राहत असेल तर प्रत्येक घरातून एक गडी जायचा, मोबदला नाही, दुपारची भाकरी घरच्यानं घालायची. किती वर्षं मी वाट बघत होते, की माझ्या दारात माणसं यावीत. आली. घर मोडायला आली. पडवीचे खांब काढले, वासे काढले, कूड काढला, आणि शेवटी दारातला तो उंबरा पुन्हा उचकटून गाडीवर ठेवला. हसत होते, थट्टा करत होते, आणि मी चुलीपाशी बसून त्यांच्यासाठी भाकरी थापत होते. मला इतकं रडू येत होतं की धुराचं निमित्त बरं पडलं.

जोत्यावर एक खोली उभी राहिली. एक चूल, एक खाट, वर गवताचं छप्पर, आणि दाराला तो उंबरा. आत्याबाईंना खाटेवर बसवून चौघांनी ओढ्यापलीकडे नेलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "तू बी चल." म्हटलं, "गुरं कोण बघेल?" गुरं, खाचरं, सगळं माळावर होतं आणि गावातल्या एका खोलीत दोन चुली मावल्या नसत्या. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

त्यानंतरचं वर्ष मला फार जड गेलं. घरधनी गाडीवर गेले की माळावर मी आणि गुरं. पडवी गेल्यानं पश्चिमेचा पाऊस थेट कुडावर यायचा. निदान "कोन भेटलं?" विचारायला आधी कुणीतरी होतं. आता मी ओढ्यापलीकडे आत्याबाईंच्या छपरातून धूर निघाला का ते बघायचे, आणि मग आपली चूल पेटवायचे. सकाळी धूर दिसला नाही की जीव टांगणीला लागायचा. त्याही रोज सकाळी माझा धूर निघाला का विचारतात, असं त्यांच्या शेजारणीनं मला सांगितलं.

पुढच्या जत्रेला मी गावात गेले. दुपारी पालखी आळीत आली आणि आत्याबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. माझ्या आधाराला नको म्हणाल्या. पालखी उंबऱ्यापुढे थांबली. त्यांनी खांदेकऱ्यांच्या पायावर स्वतः पाणी घातलं, ओटी भरली, ओवाळलं, आणि मग वाकून, मोठ्या कष्टानं, उंबऱ्याच्या त्या खोलगट जागेलाही हळदीकुंकू लावलं. त्यांचं तोंड इतकं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागे खोलीत उभी होते. या उंबऱ्यावरून मी पहिल्यांदा आत आले तेव्हा वर ऊन होतं. आता वर छप्पर होतं, पण ते माझं नव्हतं.

बायका येऊन बसल्या. एक नवी सून होती, तिनं माझ्याकडे बघून विचारलं, ह्या कोण. आत्याबाई म्हणाल्या, "माजी सून. माळावरची." बोलण्यात काही खोट नव्हती. पण मला ते लागलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा गावात पाहुणी झाले.

दिवस मावळतीला लागला तशी मी उठले. गुरांना दावणीला बांधायचं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "आजची ऱ्हा की." म्हटलं, "नाही जमायचं." मग त्या हात टेकत टेकत चुलीपाशी गेल्या, खापरात निखारे काढले, वर गोवरीचा तुकडा ठेवला, राख पसरली, आणि माझ्या हातात दिलं.

"घिऊन जा. तितं तुला विस्तव कोन देनार?"

जत्रेत त्या दिवशी काडेपेट्या आल्या होत्या, खूप दिवसांनी. मी एक घेतली होती आणि ओच्याला बांधली होती. त्यांच्यासमोरच बांधली होती. मी खापर घेतलं, उंबरा ओलांडला आणि ओढ्याकडे चालू लागले. वाटेत कुणाशी बोलत थांबले नाही, विस्तव विझू नये म्हणून.